धडधाकट करडूच आधी का मरते?



कळपातले सगळ्यांत चांगले करडू, ज्याच्याकडे बघून घरातल्या बाईने बाजाराचा हिशेब मनात मांडून ठेवलेला असतो, तेच नेमके संध्याकाळी उड्या मारत असते आणि सकाळी पाय ताणून पडलेले सापडते. शेजारचे मरतुकडे, पोट पाठीला लागलेले करडू मात्र जगते. गावात याला एकच उत्तर मिळते : दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळल्या जातात, भावकीतल्या कुणावर तरी संशय घेतला जातो, आणि पुढच्या वर्षी त्याच दिवसांत पुन्हा तेच होते.

ही दृष्ट नाही. हे विष आहे. ते शेजाऱ्याने घातलेले नाही, करडाच्या आतड्यातच तयार झालेले आहे. आणि चांगले करडू आधी मरते याचे कारण अगदी साधे आहे : चांगले करडू जास्त खाते.

या रोगाचे नाव आंत्रविषार. त्याचा जंतू बाहेरून यावा लागत नाही. तो मातीत असतो, आणि धडधाकट शेळ्यामेंढ्यांच्या आतड्यातही थोड्या संख्येने मुक्कामाला असतोच. रोजचा झाडपाला, कडबा, बांधावरचे वाळके गवत यांवर तो फारसा वाढत नाही. पण ज्वारी काढून झाल्यावर शेळ्या धसकटात सोडल्या आणि खाली पडलेली कणसे त्यांना भरपूर सापडली, किंवा खळ्यावर दोर तुटून शेळी दाण्याच्या राशीला लागली, किंवा ईदच्या बाजारासाठी बोकड लवकर भरावा म्हणून मक्याचा भरडा एकदम वाढवला, की पोटात न पचलेले पिठूळ अन्न पुढच्या आतड्यात उतरते. जंतूला मेजवानी मिळते. एकाचे दोन, दोनाचे चार होत काही तासांत तो अफाट वाढतो आणि वाढता वाढता विष सोडतो. मृगाच्या पावसानंतर फुटलेल्या लुसलुशीत गवतावर शेळ्या तुटून पडतात तेव्हाही हेच घडते. खादाड, अंगाने भरलेले, आईला दूध जास्त असलेले करडू यात पहिले सापडते.

या विषाची एक गंमत आहे, जिवावरची गंमत. जंतू ते सोडतो तेव्हा ते जवळजवळ निरुपद्रवी असते. करडाच्या आतड्यातला पाचक रस, जो अन्न फोडण्यासाठी असतो, तोच या विषाचे कुलूप उघडतो. मग आतड्याची भिंत सैल पडते, विष रक्तात उतरते, बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात, मेंदूला सूज येते, मूत्रपिंड लोण्यासारखे मऊ पडते. मेंढराच्या कोकरात बहुतेक वेळा हगवण दिसतही नाही. ते चक्कर खाऊन पडते, पाय झाडते, मान मागे टाकते आणि संपते. शेळीत मात्र हगवण दिसते : पाण्यासारखी, कधी शेंब आणि रक्त मिसळलेली, आणि जनावर पोटातल्या कळांनी ओरडते. ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन होणारी विषबाधा वेगळी. ते पिकातले विष आहे आणि ते काही मिनिटांत, फार तर तासाभरात आडवे करते. दोन्हींची गल्लत करू नये, कारण दोन्हींचा उपाय एक नाही.

आता पहिला मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. करडू पडले, वासरू हगू लागले की आपण पळतो ते इंजेक्शनवाल्याकडे. तो सुई टोचतो, पैसे घेतो, जनावर मरते, आणि आपण म्हणतो औषधाला उशीर झाला. उशीर झाला हे खरे, पण नुसता उशीर नव्हे. जंतुनाशक औषध जंतू मारते. जंतूने सोडून दिलेले विष मारत नाही. चोर पकडला म्हणून विहिरीत टाकलेले एंड्रिन बाहेर येत नाही.

जंतू वेगळा आणि त्याचे विष वेगळे, हे पोटाच्या रोगांबाबत सिद्ध करून दाखवणारा माणूस आपल्याच देशातला होता, आणि त्याचे नाव आपल्या एकाही पाठ्यपुस्तकात आपण वाचलेले नाही. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये ओळखला. त्या जंतूचे काही विष असावे असा त्याचा तर्क होता. पुढची पंचाहत्तर वर्षे ते विष कोणाला दाखवता आले नाही. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधला, कॉलऱ्याचे जंतू ज्या रसात वाढवले होते तो रस गाळून घेतला, इतका की त्यात एकही जंतू उरला नाही, आणि तो रस त्या बांधलेल्या तुकड्यात सोडला. आतडे पाण्याने टम्म फुगले. जंतू एकही नाही, तरी हगवण! हे १९५९ साली छापून आले. त्याआधी १९५६ मध्येच हगवणीच्या आजाऱ्यांतून मिळालेल्या ई. कोलाय या जंतूवर त्यांनी आतडे बांधण्याचा प्रयोग करून पाहिला होता. पुढे १९६७ मध्ये इंग्लंडच्या स्मिथ आणि हॉल्स यांनी ही आतडे बांधण्याची रीत डुकराची पिले, वासरे आणि कोकरे यांच्यावर वापरली. म्हणजे आपल्या गोठ्यातल्या वासराच्या हगवणीचे कोडे ज्या किल्लीने सुटले, ती किल्ली कलकत्त्यात घडली. डॉ. डे यांना १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानने परिसंवादाला बोलावले. १९८५ मध्ये ते वारले, तोवर त्यांच्या देशाने त्यांची दखल घेतली नव्हती. शेतकऱ्याला याचे नवल वाटायचे कारण नाही.

तर वासराची गोष्ट. व्यायल्यापासून पहिल्या चार-पाच दिवसांत वासराला जी पातळ, पिवळट-पांढरी, पाण्यासारखी हगवण लागते, तिच्या मागे पुष्कळ वेळा ई. कोलायची एक जात असते. (सगळ्या वेळी नव्हे. आठवडा उलटून गेल्यावरची हगवण अनेकदा विषाणूंची किंवा दुसऱ्या सूक्ष्म परजीवींची असते, आणि म्हशीच्या पारड्यात जंत. त्यांवर तर जंतुनाशक सुईचा काडीचाही उपयोग नाही.) हा जंतू आतड्याच्या अस्तराला केसासारख्या तंतूंनी चिकटतो आणि विष सोडतो. हे विष करडाच्या विषासारखे नाही. ते आतडे फाडत नाही, रक्तात उतरून मेंदूला जात नाही. ते फक्त अस्तरातल्या पेशींना खोटा निरोप देते : पाणी सोडा. आणि पेशी पाणी सोडतात, त्याबरोबर मीठ सोडतात. कालव्याचे दार कोणीतरी उघडे टाकून गेल्यासारखे. वासरू विषाने मरत नाही, वासरू कोरडे पडून मरते. वीस किलोच्या वासराच्या अंगातून दीड-दोन लिटर पाणी गेले की डोळे खोल जातात, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होत नाही, तोंड गार पडते आणि ते उठेनासे होते.

यातच त्याची सुटका आहे. आतड्याची भिंत शाबूत असते. बाहेर सोडणारे दार उघडे राहिले असले तरी आत घेणारे दुसरे दार चालू असते, आणि ते दार मीठ व ग्लुकोज जोडीने आले की उघडते. त्यांच्या मागोमाग पाणी आत ओढले जाते. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पेटला, शिरेतून द्यायची सलाइन संपली. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज कालवून ते पाणी आजाऱ्यांच्या नातेवाईकांच्या हाती दिले. त्या छावणीत आधी शंभरातली तीसेक माणसे मरत होती, ती चारच्याही खाली आली. डॉक्टर पुरेसे नव्हते, परिचारिका नव्हत्या. आयांनी आणि भावांनी वाटी-चमच्याने माणसे वाचवली. वासराचे आतडे याच नियमाने चालते.

पण इथे एक खड्डा आहे, आणि त्यात आपल्यातले शहाणे शहाणे पडतात. लेकराला हगवण लागली की आपण साखर-मिठाचे पाणी देतो आणि ते लागू पडते. तेच आपण वासराला देतो, किंवा गुळाचे पाणी पाजतो. लहान वासराच्या आतड्यात साखर फोडणारा रस जवळपास नसतोच. साखर आणि गूळ त्याला पचत नाहीत, ते तसेच पुढे जातात आणि हगवण वाढवतात. वासराला ग्लुकोजच लागते. औषधांच्या दुकानात माणसांसाठीचा जलसंजीवनीचा पुडा मिळतो, ज्याला ओआरएस म्हणतात. लिटरभर पाण्याच्या पुड्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि बाकीचे क्षार असतात. दोन-तीन कप चहाच्या पैशात येणारी ही वस्तू. वासरांसाठीचे वेगळे पुडे मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर माणसांचा पुडा चालतो, त्यासाठी वासरू मरू देऊ नये. दिवसभरात तीन-चार लिटर, थोडे थोडे करून, तीन-चार वेळा. आईचे दूध तोडायचे नाही. दूध तोडले की हगवण थांबते असे आपल्याला वाटते; थांबते ती वासराची ताकद. दूध द्यावे, पण थोडे थोडे, आणि पुड्याच्या पाण्यात न कालवता, मधे दोनेक तास सोडून.

आणि वासरू चोखत नसेल, गिळत नसेल, आडवे पडून अंग गार झाले असेल, तर बांबूच्या नळकांड्याने किंवा बाटलीने घशात पाणी ओतू नका. ते फुफ्फुसात जाते. अशा वासराला शिरेतून सलाइनच हवी, डॉक्टरच हवा. ताप असेल, शेणात रक्त असेल, तरीही डॉक्टर हवा, आणि तिथे जंतुनाशक औषधालाही काम आहे. मी औषधाच्या विरुद्ध बोलत नाही. प्रत्येक हगवणीला पहिली सुई, या खाक्याच्या विरुद्ध बोलतो आहे. तो खाक्या जनावर वाचवत नाही आणि औषधाची धार मात्र घालवतो. कोलिस्टिन नावाचे माणसांसाठी राखून ठेवायचे औषध कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात इतके वापरले गेले की त्याला न जुमानणाऱ्या जंतूंचा गुण एका जंतूतून दुसऱ्यात उडी मारताना २०१५ मध्ये चीनमध्ये सापडला. आपल्या सरकारने जुलै २०१९ मध्ये जनावरांसाठी त्याची विक्री बंद केली. ही बंदी योग्यच होती.

आता घरातले सांगतो, आणि ते कडू लागेल. गाय व्यायली की जार पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही, ही रीत अजून कित्येक घरांत आहे. जार पडायला आठ तास लागतात, कधी बारा. वासरू आईच्या पोटातून येते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारे काही म्हणजे काहीच नसते. ते सगळे चिकात असते. चिकातले ते सैन्य आतड्यातून सरळ रक्तात जाऊ शकते, पण ते दार व्यायल्यापासून तासातासाने मिटत जाते आणि चोवीस तासांत बंद होते. आपण पहिले आठ-दहा तास वासराला जारेची वाट पाहायला लावतो आणि दार बरेचसे मिटल्यावर चीक देतो. उरलेल्या चिकाचा खरवस होतो. खरवस खावा, माझी ना नाही. पण वीस किलोच्या वासराचा दोन लिटर वाटा आधी बाजूला काढावा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. आणि वासरू आचळाला लागले की जार पडायला मदतच होते, अडथळा होत नाही. करडालाही हाच हिशेब : वजनाच्या दहावा हिस्सा चीक, पहिल्या दिवसात.

कालवडीला चीक मिळतो आणि गोऱ्ह्याला उरलेला, हेही आपण जाणतो. त्याबद्दल शेतकऱ्याला निर्दय म्हणणारे शहरात पुष्कळ आहेत. त्यांनी हिशेब पाहावा. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गोऱ्हा आणि बैल यांच्याही कत्तलीवर बंदी आली. धर्माचा वाद ज्याने त्याने करावा. गोठ्यात झाले ते एवढेच, की ट्रॅक्टरच्या दिवसांत आधीच पडलेली गोऱ्ह्याची किंमत आणखी पडली. ज्याला गिऱ्हाईक नाही त्याच्यासाठी रात्री दोनला उठून कोणी पुडा कालवत नाही. हा कायदा करणाऱ्यांच्या मनात गोऱ्ह्याची दया असेल, पण त्या दयेची किंमत गोऱ्ह्याने हगवणीने मोजली आहे.

परत शेळीकडे येतो, कारण खरा पैसा तिथे आहे. कोरडवाहू घरात कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, आणि तो यायच्या आधीच गेलेला असतो. ज्वारी घरात खायला पुरली तरी भाग्य. मधल्या महिन्यांत पोराची फी, औषधपाणी, बियाण्याची पिशवी ही शेळीवर निघते. उस्मानाबादी शेळी जुळी देते. त्या दोनातले एक आंत्रविषाराने गेले तर बाईचा अर्धा व्यवहार बुडाला. आणि आंत्रविषार झालेल्या करडावर उपाय जवळपास नाही. विषाचे काम इतके वेगाने होते की डॉक्टर दारात येईपर्यंत ते संपते. तिथे जलसंजीवनीही पुरी पडत नाही, सुईही नाही. तिथे फक्त लस आहे.

आणि लस ही काही परदेशातून मागवायची वस्तू नाही. पुण्यात औंधला सरकारची जैवपदार्थ निर्मिती करणारी संस्था आहे, ती ही लस बनवते. जंतू वाढवायचा, त्याने सोडलेले विष घ्यायचे, फॉर्मॅलिनने त्याचे दात पाडायचे, रूप मात्र तसेच ठेवायचे, म्हणजे शेळीचे अंग त्याला ओळखून तयारीत राहते. पहिल्या वर्षी दोन वेळा, पंधरा दिवसांच्या अंतराने. पुढे दरवर्षी पावसाच्या तोंडाशी. दुसरी सुई चुकवली तर पहिली जवळपास वाया. गाभण शेळीला शेवटच्या महिन्यात टोचली तर चिकातून करडालाही संरक्षण मिळते. लस बर्फात ठेवायची, पण गोठवायची नाही. गोठलेली लस म्हणजे पाणी.

मग अडते कुठे? २०१९ च्या सप्टेंबरात केंद्राने लाळखुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांसाठी १३,३४३ कोटींची मोहीम जाहीर केली. चांगले झाले. लाळखुरकुतामुळे मांसाची निर्यात अडते, म्हणून त्या रोगाला दिल्लीत वजन आहे. आंत्रविषार निर्यात अडवत नाही. तो एका गावातून दुसऱ्या गावात पसरत नाही, म्हणून त्याची साथ जाहीर होत नाही. साथ नाही म्हणून अहवाल नाही. अहवाल नाही म्हणून मागणी नाही. वीज पडून शेळी मेली तर पंचनामा होतो. आंत्रविषाराने दहा मेल्या तरी तलाठ्याला कळत नाही. महाराष्ट्रात एक कोटीच्या वर शेळ्या आहेत, आणि त्यांच्या करडांचे मरण कुठल्याही वहीत नाही.

सरकारला हे जमत नाही असे मुळीच नाही. बुळकांडी आठवते का? ती हगवणच होती, गावेच्या गावे बैलांविना करून टाकणारी. देशात तिची शेवटची लागण १९९५ मध्ये झाली, २०११ मध्ये जगातूनच ती संपल्याचे जाहीर झाले. लसीने संपवली, गावोगाव जाऊन. हात तेच आहेत, खाते तेच आहे. आंत्रविषार तसा मुळातून संपणार नाही, कारण त्याचा जंतू मातीतच आहे. पण मरणे थांबवता येतात. पावसाळा अर्धा उलटल्यावर गावात आलेली लस कागदावर शंभर टक्के भरते आणि करडे त्याआधीच पुरलेली असतात.

म्हणून जिल्ह्याच्या बैठकीत मागणी एवढीच ठेवू या : आंत्रविषाराची लस मे महिन्याच्या अखेरीला गावात, दुसरी मात्रा पंधरा दिवसांनी त्याच गावात, आणि ज्या दवाखान्यात लस आहे तिथे जलसंजीवनीचे पुडेही. फिरत्या पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो लावल्यावर किती तासांत गाडी येते, हेही लिहून आणा. आणि बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा : दिवाळीपासून गावात किती करडे आणि वासरे जन्मली, किती मेली, किती दिवसांची असताना, कोणत्या आठवड्यात, आणि त्याआधी काय खाल्ले होते. शेळ्या बायकांच्या आहेत, म्हणून हा कागद बायकांनी सांगावा आणि बैठकीतही त्यांनीच वाचावा. पुरुषांना विचाराल तर अर्धी करडे विसरली जातील.